दोन ग्रॅमचं वजन

"लावलंय हो केव्हाचं," पडद्यामागून बाई म्हणाल्या, आणि त्याला वाटलं, या बाई थट्टा करतायत.

डोळ्यांवर काळी पट्टी, उजव्या हातात गळाच्या काठीची मूठ, तर्जनी काठीच्या अंगाला टेकवलेली, कोपर टेबलाच्या कडेवर. एकवीस वर्षं तो असाच बसत आला होता. काठीच्या टोकातून निघालेला तंगूस, म्हणजे तो मासे धरायचा नायलॉनचा दोरा, समोरच्या लाकडी पडद्याच्या भोकातून पलीकडे जायचा. पलीकडे बसलेल्या माणसाने मनाला येईल तेव्हा त्या दोऱ्याला दोन ग्रॅमचं पितळी वजन अलगद अडकवायचं, आणि इकडे पट्टी बांधून बसलेल्याने हाताला कळलं की "आलं" म्हणायचं. असं दहा वेळा. दहापैकी आठ वेळा कळलं तर काठी जागी, नाहीतर बहिरी. गळाच्या काठ्यांच्या या कारखान्यात सगळे याच शब्दांत बोलत, आणि कुठली काठी जागी नि कुठली बहिरी हे ठरवायचा हात सबंध कारखान्यात एकच होता. काठीची नाडी बघतो म्हणून त्याला वैद्य म्हणत. नव्याने लागलेल्यांना तर ते त्याचं आडनावच वाटे. तर अशा या वैद्याला आज, भर सकाळी अकरा वाजता, पॅकिंगमधून बदलीवर आलेल्या एक बाई सांगत होत्या की वजन केव्हाचं लावलंय.

"अडकलं असेल भोकात," तो म्हणाला. "बघा जरा." बाईंनी बघितलं. नाही अडकलेलं. "मग काढून परत लावा." बाईंनी काढून परत लावलं असणार, कारण त्यांची खुर्ची करकरली, पण त्याच्या हातात काठी होती तशी होती. मुकाट. या बाई आधी कुठल्याशा शाळेच्या प्रयोगशाळेत होत्या, आणि नियमाचा कागद समोर ठेवून, चष्मा नाकावर सरकवत, एकेक ओळ वाचून काम करणाऱ्यांतल्या होत्या. "इथे लिहिलंय, दोन ग्रॅम. मी दोनचंच लावलंय. तिसऱ्यांदा लावलंय," त्या म्हणाल्या. आवाजात थट्टा नव्हती. थट्टा असती तर किती बरं झालं असतं! त्याच्या मानेवर घाम आला आणि तो घाम मात्र त्याला स्पष्ट कळला, खाली सरकताना, एकेक थेंब.

ही हिरवी काठी आहे, बहिरी असायचीच, असं त्याने स्वतःला समजावलं. हिरवी म्हणजे नवी काठी, कार्बनमध्ये काचेचे तंतू मिसळून केलेली, जाड, दणकट. पलीकडच्या खोलीत, जिला सगळे मोडघर म्हणत, तिथे तिच्यावर वाळूच्या पिशव्या टांगून झाल्या होत्या, सिमेंटवर आपटून झाली होती, गाडीच्या दारात चिमटून झाली होती. पठ्ठी मोडली नाही. उलट काळी, निव्वळ कार्बनची, त्याची लाडकी. बोटाएवढी बारीक, टोकाशी सुईसारखी. दगडावर एवढीशी चीर पडली तरी पुढच्या माशाला तिचे दोन तुकडे, आणि मग दुकानदार बोंबा मारत ते तुकडे परत पाठवणार. पण काळी बोलायची. तळ्याच्या तळाशी गाळ आहे की गोटे आहेत की बुडालेलं झाड, सगळं मुठीत सांगायची. आणि बास माशाला तेच लागतं. हा मासा मोठा लबाड. गिळत नाही, चाखतो. आमिष तोंडात घेतो, नकली आहे म्हणून कळलं की थुंकतो, पापणी लवायच्या आत. तेवढ्यात ज्याच्या हाताला कळलं त्याचा मासा, बाकीच्यांनी पाण्याकडे बघत बसायचं. म्हणून तो साहेबांशी दहा वर्षं भांडत आला होता: मोडू दे मोडली तर, काळी बंद करायची नाही. साहेब म्हणायचे, "वैद्य, हिरवीला काळीइतके गुण पडले तर काय करशील?" तो म्हणायचा, "पडणारच नाहीत."

आणि गेल्या आठवड्यात पडले होते. पहिल्या फेरीत काळीला दहापैकी दहा, हिरवीला दहापैकी दहा. त्याला आश्चर्य वाटलं होतं, वाईटही वाटलं होतं, पण हात खोटं बोलत नाही हे तर तो सगळ्यांना सांगत आलेला, मग आता कुठल्या तोंडाने मागे घेणार? कागदावर पेन्सिलीने 'दोन्ही सारख्या' असं त्यानेच लिहिलं. नियमाप्रमाणे दुसरी फेरी आज, सही आज, आणि उद्या साहेब काळीचं काम बंद करणार. पहिल्या फेरीला पडद्यामागे मास्तर होता. एकवीस वर्षं पडद्यामागे मास्तरच होता, दहापैकी गुण देतो म्हणून मास्तर. चार दिवसांपूर्वी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नसतं तर आजही तोच असता.

"काळी द्या," तो म्हणाला. बाईंनी काळी दिली. पट्टी त्याने स्वतःच घट्ट केली. तो वाट बघत राहिला. एखाद्या घरी दार वाजवून उभं राहावं, आत माणसं आहेत हे माहीत असावं, आणि कोणी येऊ नये, तसा. "लावलं," बाई म्हणाल्या. नियमाप्रमाणे त्यांनी बोलायचं नव्हतं, पण आता त्यांनाही धीर निघेना. "काढलं... परत लावलं." काळी, जी गोट्यावरून घसरलेलं गळाचं शिसंसुद्धा सांगायची, ती त्याच्या मुठीत मेल्यासारखी पडून होती. मग त्याने असं काही केलं जे नियमाच्या कुठल्याच ओळीत नव्हतं. म्हणाला, "बाई, पाचचं लावा." पाचचं लावल्यावर दूर कुठेतरी काहीतरी हललं, की हललं असं वाटलं. "दहाचं लावा." बाईंनी लावलं, आणि तो ताडकन ताठ झाला.

आलं. स्पष्ट, हलकं, नेमकं. हा स्पर्श त्याच्या ओळखीचा होता. गेली कित्येक वर्षं रोज दिवसातून शंभर वेळा ज्याला तो दोन ग्रॅम म्हणत आला होता तो हाच. मास्तरच्या हातचा. गेल्या आठवड्यात हिरवीवर आलेला, काळीवर आलेला, सारखाच. यात चुकायला जागाच नव्हती. आपल्या माणसाच्या पायांचा आवाज जिन्यावर ओळखावा तसा त्याने तो ओळखला.

पट्टी काढून तो पडद्यापलीकडे गेला. वजनांची लाकडी पेटी उघडी होती, आत निळ्या मखमलीच्या खाचा, एक, दोन, पाच, दहा, वीस. त्याने इतक्या वर्षांत ही पेटी कधी नीट पाहिलीच नव्हती. त्याची बाजू अलीकडची, पट्टीची. दोनचं वजन काळपट हिरवं पडलं होतं, त्याच्या खाचेच्या कडेला धूळ धरलेली. दहाचं मात्र रोज चोळून ठेवल्यासारखं लखलखत होतं. त्याच्या खाचेतली मखमल झिजून खालचं लाकूड दिसत होतं. मास्तरच्या चिमटीने. बाई म्हणाल्या, "मी काय लिहू? दोन्हीला शून्य येतंय." मग जरा थांबून, चष्मा काढून, म्हणाल्या, "की आज तुम्हाला बरं नाहीये?" किती सोपं होतं हो म्हणणं! "शून्यच लिहा," तो म्हणाला. "जे झालं तेच लिहा. सही मी उद्या सकाळी करतो." बाईंनी शाईने शून्य लिहिलं, दोनदा, गोल, शाळेतल्यासारखं. तो कागद त्याने घडी करून पिशवीत टाकला, पेटी टाकली, काळी तिच्या कापडी खोळीत घातली आणि दुपारी तीनलाच बाहेर पडला. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "काय वैद्य, आज मासे धरायला?" तो हसला. हसायला येतं माणसाला, काहीही झालं तरी.

बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि बोटं एकमेकांवर घासत राहिला. अंगठा तर्जनीवर, तर्जनी मधल्या बोटावर. काहीतरी कळत होतं, पण ते हातमोजा घातल्यासारखं कळत होतं, आणि हा हातमोजा कधी चढला, कोणी चढवला? सावकाश चढला असणार. रोज एक धागा. म्हणून तर त्याला दिसला नाही. पण मास्तरला दिसला. सहा वर्षांमागची ती भट्टीची गोष्ट त्याला आता आठवली, नव्हे, ती बाजूलाच उभी होती इतकी वर्षं, त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. काठ्या भाजायच्या भट्टीच्या दारावर हात टेकून तो कुणाशी तरी काळीच्या टोकाबद्दल बोलत होता आणि मास्तरने धावत येऊन त्याला मागे ओढलं होतं. तळव्याला मोठा फोड. "अरे, जळतोयस!" "तंद्री लागली होती," तो म्हणाला होता, आणि सगळे हसले होते, कारण तंद्रीत राहणारा म्हणून त्याची ख्याती होतीच. मास्तर हसला नव्हता. मास्तर त्याच्या हाताकडे बघत राहिला होता. हे त्याला आज दिसलं, बसच्या काचेत, सहा वर्षांनी.

आणि ते पत्र. देवा, ते पत्र! तीन वर्षांमागचं, कुठल्याशा म्हाताऱ्या गळवाल्याचं, वहीच्या पानावर, थरथरत्या अक्षरात. मी चाळीस वर्षं तळ्यावर बसतो. तुमची ही काठी बहिरी आहे. मासा येतो, घेतो, थुंकून जातो आणि काठी मला सांगत नाही. कारखानाभर ते पत्र फिरलं होतं, चहाच्या सुट्टीत मोठ्याने वाचलं गेलं होतं, आणि सगळ्यात मोठ्याने कोण हसलं? मास्तर. हसत हसत त्याने ते खिशात टाकलं, परत दिसलं नाही. उत्तर मात्र वैद्याने स्वतः लिहिलं होतं, स्वतःच्या अक्षरात, कारण ही त्याच्या हाताची गोष्ट होती. 'सदर काठीस दहापैकी दहा गुण आहेत. काठीत दोष नाही. कृपया आपण आपला हात तपासून घ्यावा.' हे शेवटचं वाक्य त्याला फार आवडलं होतं. घरी जाऊन बायकोला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली होती, "जरा जास्तच झालं," आणि आत निघून गेली होती. आता बसमध्ये, दोन बाकं सोडून बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातांकडे बघताना त्याचे कान लाल झाले. त्या माणसाने खरंच दाखवला असेल हात कुठल्या डॉक्टरला. काठी नळकांड्यात घालून ठेवून दिली असेल माळ्यावर. म्हणाला असेल, माझंच वय झालं.

मास्तरचं घर तिसऱ्या मजल्यावर. मास्तर आरामखुर्चीत होता, एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली, दुसऱ्यावर काळा चष्मा, मांडीवर बंद रेडिओ. "कोण? वैद्य? या वेळेला?" त्याने पावलांवरूनच ओळखलं. वैद्य खुर्ची ओढून बसला. काही बोलायच्या आधी त्याने पेटी उघडून दहाचं वजन काढलं आणि मास्तरच्या तळव्यावर ठेवलं. मास्तरची बोटं त्याच्यावर आपोआप मिटली, नेहमीच्या चिमटीत, आणि मग जिथल्या तिथे थिजली.

"आज पडद्यामागे कोण होतं?" मास्तरने विचारलं.

"पॅकिंगमधल्या बाई. प्रयोगशाळेतल्या."

"मी साहेबांना सांगितलं होतं आठवडाभर थांबा म्हणून. सांगितलं होतं रे." मास्तर वजन तसंच धरून होता. "आधी पाचचं लावायचो. वर्षभर पाचचं चाललं. मग पाचलाही तू नुसता बसून राहायचास, मान अशी वाकडी करून. मला बघवेना. लोक असतात आजूबाजूला, साहेब येऊन उभे राहतात. म्हटलं, जाऊ दे."

"जाऊ दे?" त्याचा आवाज चढला. "सहा वर्षं जाऊ दे? माझ्या नावावर बहिऱ्या काठ्या विकल्या गेल्या मास्तर! गेल्या आठवड्यात हिरवीला मी दहा दिले. काळीचा गळा माझ्या हाताने कापलास तू. तोंड नव्हतं तुला? एकदा म्हणायचं होतंस, वैद्य, तुझा हात गेला. शिव्या घातल्या असत्या मी तुला, चार दिवस बोललो नसतो. पण कळलं असतं की नाही?"

"मी सांगणार होतो. त्या भट्टीच्या दिवशीच सांगणार होतो." मास्तर म्हणाला. आतल्या खोलीत कोणीतरी कपाट बंद केलं. "आधी वहिनींना विचारावं म्हटलं. तुमच्या घरी गेलो होतो, तू यायच्या आधी. वहिनींनी शपथ घातली. म्हणाल्या, त्याला सांगू नका, हात गेला असं कळलं तर तो माणूस म्हणून उरणार नाही. माझ्या डोळ्यांची शपथ घातली." मग त्याला राहवलं नाही, तो मास्तरच होता शेवटी. "पाळली, तरी डोळे गेलेच बघ."

वैद्य हसला नाही. मास्तरच्या चिमटीतून त्याने वजन सोडवून घेतलं आणि पेटीत ठेवलं. मास्तर म्हणाला, "बस ना. चहा टाकायला सांगतो. अरे, तुझ्यासाठीच केलं रे सगळं." जिना उतरताना तेच वाक्य त्याच्या डोक्यात घण घालत राहिलं. तुझ्यासाठीच. केसाने गळा कापणारे आणखी काय म्हणतात?

घरी तो चालत गेला. चालताना त्याने हिशेब लावला नाही, हिशेब आपोआप लागत गेला. सहा वर्षांपूर्वी घरातले स्टीलचे पेले गेले आणि जाड कानाचे मग आले. "आता हेच चालतात सगळीकडे," ती म्हणाली होती. त्याचे बारीक बटणांचे शर्ट एकेक करून पोतेऱ्याला लागले आणि गळ्यातून घालायचे आले, "दिसतोस कसा तरुण!" गॅसपाशी तो गेला की "तू बाहेर हो, मधे मधे लुडबुडू नकोस." आंघोळीच्या पाण्यात आधी तिचा हात. त्याला वाटायचं, वय झाल्यावर बायका अशा माया करायला लागतात. त्याला बरं वाटायचं! प्रत्येक गोष्टीत बरं वाटलं होतं, हीच तर शरम. तो लाडावलेल्या मांजरासारखा सहा वर्षं त्या घरात वावरला, आणि ती रोज त्याचे हात बघत होती.

तीही त्याच कारखान्यातली. काठीवर ज्या बारीक कड्यांतून दोरा जातो त्या कड्या रेशमी धाग्याने गुंडाळून बसवायचं तिचं काम; अजूनही घरी मागवून करायची, जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली. लग्नाआधी, जेवणाच्या सुट्टीत, ती त्याला डोळे मिटायला लावायची आणि त्या धाग्याचा एक पदर त्याच्या कुठल्याशा बोटाला बांधायची. दुसरं टोक तिच्या दातांत. मानेने इतकासा हिसका द्यायची. "सांग, कुठलं बोट?" तो दर वेळी सांगायचा. एकदा तिने नुसता श्वास घेतला होता, हिसका दिलाच नव्हता, आणि तो म्हणाला होता, "करंगळी. आणि तू आत्ता हसणार आहेस." त्यावर ती त्याला अरेतुरे करायला लागली, चारचौघांत अहो, घरात अरे. हा खेळ लग्नानंतरही चालला, मुलगी झाल्यावर मुलीलाही शिकवला. मग कधीतरी बंद पडला. कधी? त्याला वाटलं होतं, म्हातारे झालो म्हणून. आज त्याला साल माहीत होतं.

फसवलं. माझ्या दोन माणसांनी मला फसवलं. जगात दोनच माणसांच्या हातात मी डोळे मिटून बसलो असतो, आणि ती हीच दोन. हे त्याने मनात म्हटलं आणि रस्त्याच्या कडेला, एका चष्म्याच्या दुकानासमोर, तो उभाच राहिला. रडू येत नव्हतं, राग तर मास्तरच्या जिन्यातच संपला होता. उरली होती एक हट्टी, पोरकट आशा, जिची त्याला स्वतःलाच लाज वाटली: शपथ तिने मास्तरला घातली होती. तिने स्वतः कधी खोटं सांगितलं? गप्प राहिली, एवढंच. त्यानेच विचारलं नव्हतं. विचारलं तर ती खरं सांगेल. सांगेलच. तिथेच उभ्या उभ्या त्याने पेटी उघडली, दोनचं काळपट वजन खाचेतून नखाने उचकून काढलं आणि डाव्या मुठीत धरलं. पेटी बंद केली. तिने एवढंच म्हणायला हवं होतं: अरे, यात दोनचं नाहीये. बस. मग तो सगळं माफ करणार होता, भट्टी, पत्र, शर्ट, सगळं. उद्या साहेबांसमोर उभं राहायलाही त्याला बळ आलं असतं.

ती टेबलावर धागा गुंडाळत होती. संध्याकाळी पाच वाजताचं ऊन स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत आलं होतं. "आज लवकर? आणि काठी कशाला घरी?" तिने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून तिच्या नजरेचा हात फिरला. लगेच तिने धाग्याचं रीळ खाली ठेवलं. "काय झालं?"

"काही नाही. मास्तर नाही, मग दुसरी फेरी राहिली. म्हटलं, तू लाव." तो आपल्याच आवाजावर चकित झाला, इतका साधा निघाला. "उद्या सही करायचीय. दहादा नको, एकदाच लाव. दोनचं."

"मला कुठे जमतंय ते?"

"एवढी वर्षं दोरा ओढलास माझा. जमेल."

त्याने काठी खुर्चीच्या पाठीवरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेली, दोरा आत सोडला. पेटी तिच्या हातात दिली. बाहेर खुर्चीवर बसून, दाराकडे पाठ करून, त्याने डोळे मिटले. पट्टी नव्हती, त्याने प्रामाणिकपणे मिटले. उजव्या हातात काळी, तर्जनी तिच्या अंगावर. डाव्या हाताची मूठ मांडीवर. आत पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. त्यानंतर काहीच नाही. फ्रीज गुरगुरत होता. खालच्या रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती खाचा बघत असणार. एक, मग रिकामी खाच, पाच, दहा, वीस. म्हण, त्याने मनात म्हटलं. म्हण ना गं. यात दोनचं नाहीये. एवढे साधे शब्द. कुणीही म्हणेल, हरवलं असेल म्हणेल, मास्तरच्या घरी राहिलं का विचारेल. फ्रीज गुरगुरायचा थांबला आणि घरात इतकी शांतता झाली की त्याला वाटलं, आता ती बोलणार. तिच्या बांगड्या किणकिणल्या.

आलं.

स्पष्ट, हलकं, नेमकं. मास्तरच्यापेक्षाही हलक्या हाताने लावलेलं, मायेने, दोरा जराही न हिसकता. धाग्यावर आयुष्य काढलेला हात तो. दहा ग्रॅम.

"आलं का?" आतून तिने विचारलं.

"आलं."

"बघ!" तिच्या आवाजात केवढा आनंद होता, आणि तो खोटा नव्हता, हेच त्याला सोसवेना. "दोनचंच होतं. उगीच तोंड पाडून आलास. अजून तसाच आहे तुझा हात."

ती पदराला हात पुसत दारात आली. त्याने डोळे उघडले होते. डावा हात त्याने तिच्यासमोर धरला आणि मूठ उघडली. दोनचं वजन तळव्याच्या मधोमध होतं, घामाने ओलं, भोवती त्याच्या गोल कडेचा लाल वळ. रस्ताभर त्याने ते इतकं आवळून धरलं होतं, आणि ते अजून हातात आहे, वाटेत कुठे पडलं नाही, हे त्यालाही आत्ता बघितल्यावरच कळलं.

ती बघत राहिली. वजनाकडे, वळाकडे, मग त्याच्याकडे. तिचा चेहरा हळूहळू म्हातारा झाला. "दोनचं सापडलं नाही म्हणून मी..." ती म्हणाली.

"मग सापडत नाही म्हणायचं होतंस गं," तो म्हणाला. "एवढंच म्हणायचं होतंस."

ती त्याचा हात धरायला पुढे आली. धरलाही, त्याने दिला. तिने दोन्ही हातांनी तो दाबला, असा दाबला की तिच्या बोटांची पेरं पांढरी झाली, आणि तो त्या पांढऱ्या पेरांकडे बघत राहिला. मग त्याने हात सोडवून घेतला, वजन पेटीत त्याच्या खाचेत ठेवलं, पिशवीतून घडी केलेला कागद काढला. बाईंची दोन गोल शून्यं उन्हात चमकली. काळी, दहापैकी शून्य. हिरवी, दहापैकी शून्य. त्याखाली त्याने लिहिलं: 'काठ्यांत दोष नाही. हात तपासून घेतला. मागच्या सहा वर्षांचे गुण धरू नयेत.' तिने वाचलं आणि तोंडाला पदर लावला. तो सही करायला वाकला, आणि सही होईपर्यंत त्याची नजर कागदावर नव्हती. पेन बोटांत नीट धरलंय की नाही, हे तो बघत होता.